ट्युरिटॉप्सिस डॉर्नी (अमर जेलीफिश)

हायड्रोझोआ वर्गातली बारकी जेलीफिश. छत्री जेमतेम साडेचार मिलिमीटर, अंग काचेसारखं, आत लाल जठर दिसतं. मूळची बहुधा भूमध्य समुद्रातली, पण जपान आणि पनामाकडेही सापडते. जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला टाक्यांत भरतात ते) पसरली असावी हे मत जास्त पटतं.

नावाचा घोळ मात्र मोठा आहे. १८८३ मध्ये वाइजमान यांनी हिला डेंड्रोक्लाव्हा डॉर्नी म्हटलं (नेपल्सचं सागरी केंद्र काढणाऱ्या अँटन डॉर्न यांच्यावरून), पुढे ही ट्युरिटॉप्सिस न्युट्रिक्युलाच आहे असं धरलं गेलं, जी खरं तर १८५७ मध्ये मॅक्रेडी यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरून नोंदवलेली जात, आणि २००४ मध्ये शुखर्ट यांनी दोन्ही परत वेगळ्या केल्या. त्यामुळे १९९२ आणि १९९६ चे भूमध्य समुद्रातल्या नमुन्यांवरचे गाजलेले पेपर न्युट्रिक्युलाच्या नावावर असले तरी ते डॉर्नीचेच समजायचे. नेटवर अजून जुनंच नाव फिरतंय.

नेहमीचं चक्र इतर हायड्रोझोआंसारखंच: अंडं, प्लॅन्युला नावाची अळी, तळाला चिकटलेली पॉलिपची (नळीसारख्या, एका जागी राहणाऱ्या अवस्थेची) वसाहत, तिच्यातून सुटणारी मेड्युसा, म्हणजे पोहणारी छत्रीवाली जेलीफिश. उपासमार, तापमानातला बदल, जखम किंवा म्हातारपण आलं की मेड्युसा आक्रसते, पोहणं सोडते, गोळा होऊन तळाला बसते, मग त्या गोळ्याला मुळांसारखे फाटे फुटतात आणि काही दिवसांतच पुन्हा पॉलिप. इथे एका कामाच्या पेशी थेट दुसऱ्या कामाच्या होतात, याला ट्रान्सडिफरन्सिएशन म्हणतात. १९९६ च्या प्रयोगांत छत्रीचं बाहेरचं आवरण आणि पचननलिकांचा काही भाग दोन्ही असलेल्या तुकड्यांतूनच पॉलिप बनला.

जपानमधल्या शिराहामा इथे संशोधक शिन कुबोता यांनी एकाच वसाहतीत २ वर्षांत १० वेळा हे घडलेलं नोंदवलंय. निरीक्षणं जवळपास सगळी प्रयोगशाळेतलीच. म्हणून सप्त चिरंजीवांत आठवं नाव घालायची घाई नको, हिला मासे खातात, रोगही होतो. शिवाय नव्या पॉलिपपासून एकसारख्या जनुकांच्या अनेक मेड्युसा निघतात, तेव्हा "तीच" जेलीफिश परत आली म्हणायचं का यावरही वाद घालता येईल.

२०२२ मध्ये हिच्या जीनोमची (सगळ्या जनुकीय माहितीची) तुलना जवळच्या ट्युरिटॉप्सिस रुब्रा जातीशी झाली, डीएनए दुरुस्ती आणि टेलोमिअर (गुणसूत्रांची टोकं) सांभाळणाऱ्या जनुकांत फरक दिसले. लाओडिसीया उंड्युलाटा या दुसऱ्या जेलीफिशमध्येही मेड्युसाची परत पॉलिप होते.