नाखीमोव्ह यांच्या खांद्यावरची जर

१० जुलै १८५५ च्या संध्याकाळी रशियन अ‍ॅडमिरल पावेल स्तेपानोविच नाखीमोव्ह सेवस्तोपोलजवळच्या मालाखोव्ह टेकडीवर तटबंदीपाशी उभे राहून दुर्बिणीतून फ्रेंचांचे खंदक न्याहाळत होते. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश व फ्रेंच फौजांनी या रशियन बंदराला घातलेल्या वेढ्याला नऊ महिने उलटले होते. आसपासच्या बहुतेक अधिकाऱ्यांनी साध्या शिपायाचे करडे डगले अंगावर चढवले होते. नाखीमोव्ह मात्र आपल्या नेहमीच्या गडद, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या कोटात होते आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांवर सोनेरी एपॉलेट, म्हणजे हुद्दा दाखवणारी झालरीची खांदेसजावट, चमकत होती. एक गोळी त्यांच्याजवळच्या मातीच्या पोत्यात घुसली. सोबत्यांनी खाली उतरण्याची विनंती केली, पण ते हलले नाहीत. पुढची गोळी डोक्याला लागली आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

त्या खांद्यांवर नेमके काय चमकत होते? ज्या घरात जुनी पैठणी जपून ठेवलेली आहे, त्या घरातल्या माणसाला हे समजायला अवघड जाणार नाही, कारण एपॉलेटचे सोने म्हणजे आपण जिला जर किंवा कलाबतू म्हणतो तीच वस्तू आहे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवतात आणि ती कांब एकाहून एक लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढतात. सोने चांदीबरोबरच ताणले जाते, त्यामुळे तार केसासारखी बारीक झाली तरी तिच्यावरचा सोन्याचा थर अखंड राहतो. ही तार चपटी करून पिवळ्या रेशमाच्या धाग्यावर गुंडाळली की जरीचा धागा तयार होतो. रेशीम पिवळे घेण्याचे कारण असे की वेटोळ्यांमध्ये कुठे फट राहिली तरी ती डोळ्याला खुपत नाही. अ‍ॅडमिरलच्या एपॉलेटला लोंबणारी जाड झालर याहून वेगळ्या रीतीने तयार करतात. तिच्यासाठी तार स्प्रिंगसारखी घट्ट वेटाळून तिच्या पोकळ दोऱ्या केल्या जातात, आणि चालताना त्या दोऱ्यांच्या प्रत्येक वळणावरून प्रकाश परावर्तित होत राहतो. म्हणूनच ही झालर दुरूनही लक्ष वेधून घेते.

दुरून दिसणे हाच या सजावटीचा मूळ हेतू होता. गुळगुळीत नळीच्या बंदुकांच्या काळात शंभर-दीडशे मीटरच्या पलीकडे नेम धरण्याला फारसा अर्थ नसे, आणि काळ्या बारुदीचा धूर काही मिनिटांत रणांगण झाकून टाकत असे. अशा धुरात आपला अधिकारी कोठे आहे हे माणसांना ओळखता यावे म्हणून चमक उपयोगी होती, आणि तिच्यामुळे येणारा धोका सोसण्याजोगा होता. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश व फ्रेंच सैनिकांच्या हाती नळीला आतून आटे पाडलेल्या, मिनिए पद्धतीची गोळी झाडणाऱ्या रायफली आल्या. ही लांबट गोळी नळीत सहज सरकते आणि बार उडताच तिचा पोकळ बुडखा फुगून आट्यांत घट्ट बसतो, त्यामुळे ती स्वतःभोवती फिरत कित्येक शे मीटर सरळ जाते. या बंदुकीपुढे खांद्यावरची जर म्हणजे नेमबाजासाठी लावलेली खूणच ठरली. रशियन लष्कराने १८५४ च्या वसंतातच युद्धभूमीवरील अधिकाऱ्यांना शिपायाच्या कापडाचा डगला आणि त्यावर अरुंद, चपट्या खांदेपट्ट्या दिल्या होत्या. पुढे दीर्घकाळ टिकलेल्या रशियन खांदेपट्टीची सुरुवात अशी आहे. नाखीमोव्ह यांनी एपॉलेट का उतरवली नाहीत, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात बेफिकिरीपेक्षा जुन्या नियमावरची निष्ठा अधिक दिसते: ज्याने हुकूम द्यायचा, त्याने दिसले पाहिजे.

कोटाच्या रंगाचीही एक गंमतशीर अडचण आहे. त्या काळच्या रशियन नौदलाचा रंग गडद हिरवा होता, इतका गडद की चित्रांत तो काळाच वाटतो. कृत्रिम रंग येण्यापूर्वी लोकरीला पक्का हिरवा रंग एका रंगद्रव्याने सहसा मिळत नसे. कापड आधी निळीत बुडवून निळे करायचे आणि नंतर त्यावर वनस्पतीपासून काढलेला पिवळा चढवायचा, ही नेहमीची रीत होती. निळीचा रेणू प्रकाशात चांगला तग धरतो, पिवळी रंगद्रव्ये मात्र लवकर फिकटतात. म्हणून जुने हिरवे कापड उजेडात राहिले की निळसर होत जाते, आणि संग्रहालयातला कोट पाहून मूळ रंग ठरवताना शिवणीच्या आतला, कॉलरच्या खालचा भाग पाहावा लागतो. जरीचे शत्रू निराळे आहेत. सोन्याचा थर जेथे झिजतो किंवा जेथे त्याला सूक्ष्म छिद्रे असतात, तेथे खालच्या चांदीचा हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन काळे सिल्व्हर सल्फाइड तयार होते. काळ्या बारुदीत सुमारे दहा टक्के गंधक असते आणि तिच्या धुराला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, हे लक्षात घेतले तर तोफांच्या सान्निध्यात वापरलेली जर काळवंडावी यात नवल नाही.

आता छातीकडे वळू, कारण गणवेश खऱ्या अर्थाने वाचायचा तो तेथेच. रशियन लष्करी सन्मानांत सर्वांत मानाचे स्थान सेंट जॉर्ज ऑर्डरचे होते. सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने रशियाच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे २६ नोव्हेंबर १७६९ रोजी ती स्थापन केली आणि तिचे चार वर्ग ठेवले. पांढऱ्या मिनाकामाचा सोन्याचा क्रूस, मध्यभागी अजगराला भाल्याने मारणारा घोडेस्वार संत, आणि तीन काळ्या व दोन नारिंगी पट्ट्यांची रेशमी फीत. ही फीत बारूद आणि आग यांचे रंग एकत्र आणते, असा अर्थ एकोणिसाव्या शतकातच रूढ झाला होता. चौथ्या वर्गाचा लहान क्रूस छातीवर लावत आणि तिसऱ्या वर्गाचा गळ्यात घालत. दुसऱ्या वर्गाला गळ्यातल्या मोठ्या क्रूसाबरोबर छातीवर डाव्या बाजूला तारा मिळे.

चौथ्या वर्गाचा क्रूस पाहताना त्याच्या भुजांवर काही लिहिले आहे का, हे आधी बघावे. १८५५ पर्यंत हा वर्ग पराक्रमाशिवायही मिळू शकत असे. भूदलात अधिकारी म्हणून २५ वर्षे, किंवा नौदलात सहा-सहा महिन्यांच्या १८ सागरी मोहिमा पूर्ण केल्या की अधिकारी त्याला पात्र ठरे, आणि १८१६ पासून अशा क्रूसावर ‘२५ वर्षे’ किंवा ‘१८ मोहिमा’ अशा अर्थाची अक्षरे घातली जात. नाखीमोव्ह यांचा क्रूस कोरा होता. १८२७ मध्ये नावारिनोच्या लढाईत लेफ्टनंट म्हणून ‘आझोव्ह’ या जहाजावर लढल्याबद्दल तो त्यांना मिळाला होता. जहाजाचे कप्तान होते मिखाईल लाझारेव्ह, आणि व्लादिमीर कोर्नीलोव्ह व व्लादिमीर इस्तोमीन हे दोन तरुणही त्याच जहाजावर होते.

एपॉलेटवरची चिन्हे आणि छातीवरची पदके एकमेकांशी ताडून पाहिली की बिनतारखेच्या चित्रालाही तारीख लावता येते. नौदलात अ‍ॅडमिरलांच्या एपॉलेटवर काळे, दोन डोक्यांचे गरुड भरलेले असत: रिअर अ‍ॅडमिरलला एक, व्हाइस अ‍ॅडमिरलला दोन, पूर्ण अ‍ॅडमिरलला तीन. नाखीमोव्ह १८४५ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल, १८५२ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल आणि मार्च १८५५ मध्ये अ‍ॅडमिरल झाले. ३० नोव्हेंबर १८५३ रोजी सिनोपच्या बंदरात त्यांनी तुर्की ताफा नष्ट केला आणि त्याबद्दल त्यांना सेंट जॉर्जचा दुसरा वर्ग मिळाला. तेव्हा एखाद्या चित्रात गरुड दोन आणि गळ्यात जॉर्जचा क्रूस असेल, तर ते चित्र १८५३ च्या अखेरीपासून मार्च १८५५ पर्यंतचे नाखीमोव्ह दाखवते. हीच कसोटी उलटही चालते. ‘सेवस्तोपोलच्या संरक्षणासाठी’ हे रुपेरी पदक, ज्यावर वेढ्याच्या तारखा जुन्या पंचांगाप्रमाणे १३ सप्टेंबर १८५४ ते २८ ऑगस्ट १८५५ अशा कोरल्या आहेत, नाखीमोव्ह गेल्यानंतर काही महिन्यांनी स्थापन झाले. ते त्यांच्या छातीवर दाखवणाऱ्या चित्रकाराने कितीही सुंदर काम केलेले असो, त्याने ते नंतर आणि कल्पनेने केलेले आहे.

मिनाकाम म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच. काचेची पूड सोन्यावर पसरून भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. थंड होताना सोने काचेपेक्षा अधिक आकसते आणि पत्रा वाकू पाहतो. क्रूसाच्या दोन्ही बाजूंना मिना असल्याने हा ताण सारखा विभागला जातो. तरीही ती काचच असते. इस्तोमीन यांना वेढ्याच्या काळात जॉर्जचा तिसरा वर्ग मिळाला होता आणि तो क्रूस ते गळ्यात घालत. मार्च १८५५ मध्ये तोफेच्या गोळ्याने त्यांचे शिर उडाले. नाखीमोव्ह यांनी इस्तोमीन यांच्या भावाला पत्र लिहिले आणि त्यासोबत त्या दिवशी गळ्यात असलेल्या फितीचा एक तुकडा पाठवला. क्रूसाचे मात्र बारीक तुकडे झाले असल्याचे त्यांनी कळवले. लाझारेव्ह यांच्या शेजारी स्वतःसाठी राखून ठेवलेली थडग्याची जागा आपण इस्तोमीन यांना दिली, असेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले.

चार महिन्यांनी नाखीमोव्ह यांनाही लाझारेव्ह व इस्तोमीन यांच्याच थडग्याच्या तळघरात पुरण्यात आले. तत्पूर्वी त्यांच्या देहावर तीन निशाणे पांघरली होती. दोन अ‍ॅडमिरलची होती, आणि तिसरे सिनोपच्या लढाईत त्यांच्या ‘इम्पेरात्रित्सा मारिया’ जहाजाच्या मागच्या बाजूला फडकणारे, तोफगोळ्यांनी फाटलेले निशाण होते.