बी.एस्सी. एव्हिएशन, सीपीएल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग: खान्देशातील विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

बारावी विज्ञानाचा निकाल लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील काही पालक हमखास विचारतात की, मुलाला किंवा मुलीला वैमानिक व्हायचे असेल तर विद्यापीठाच्या बी.एस्सी. एव्हिएशनला प्रवेश घ्यावा की थेट फ्लाइंग स्कूलमध्ये नाव घालावे. हा प्रश्न सोडवण्यापूर्वी एक भेद नीट समजून घ्यायला हवा. लांब पल्ल्याचे नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमानाची उपकरणे आणि उड्डाणाचे नियम हे विषय विद्यापीठ शिकवते व त्यांची पदवी देते. परंतु ढगांत शिरून केवळ उपकरणांच्या आधारे विमान नेण्याचा अधिकार त्या पदवीने मिळत नाही. तो अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परवान्याने आणि त्यावर नोंदवलेल्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगने मिळतो. म्हणून येथे अर्ज दोन आहेत, आणि ते कोणत्या क्रमाने करायचे यावर पुष्कळ पैसा आणि एखादे वर्ष अवलंबून असते.

पात्रतेची पहिली अट म्हणजे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, मिळवण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात; शिकाऊ वैमानिकाचा परवाना, ज्याला सर्व जण एसपीएल म्हणतात, तो मात्र दहावी उत्तीर्ण झालेल्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यालाही मिळतो. ज्यांनी बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून केली आहे, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हे दोन विषय स्वतंत्रपणे उत्तीर्ण होता येते. सीपीएलसाठी पदवीची अट नाही. तरीही पदवी घ्यावी असे माझे मत आहे, कारण पुढे कधी वैद्यकीय कारणाने उडणे थांबले तर हातात काहीतरी असते, आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात नेव्हिगेशनचा पाया घाईघाईच्या ग्राउंड क्लासपेक्षा पक्का होतो.

भौतिकशास्त्र आणि गणित का मागतात, हे आपल्याच भागातील एका उदाहरणावरून कळते. धुळ्याच्या विमानतळावरून जळगावच्या कुसुंबा विमानतळाकडे सरळ रेषेत अंतर सुमारे पन्नास नॉटिकल मैल आहे, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ताशी शंभर नॉटिकल मैल वेगाने, म्हणजे शंभर नॉट्सने, जाणारे प्रशिक्षण विमान हे अंतर अर्ध्या तासात कापते. या अर्ध्या तासात उत्तरेकडून, सातपुड्याच्या बाजूने, दहा नॉट्सचा वारा वाहत असेल आणि विद्यार्थ्याने विमानाचे नाक नकाशावरच्या रेषेवरच धरून ठेवले, तर विमान पाच मैल दक्षिणेला सरकलेले असते. साठ मैलांच्या अंतरात एक मैल चूक म्हणजे एक अंश, हा वैमानिकांचा जुना ठोकताळा लावला तर पन्नास मैलांत पाच मैल म्हणजे सहा अंश. विमानाचे नाक तेवढे सहा अंश वारा येतो त्या बाजूला वळवले की मार्ग सरळ राहतो. स्वच्छ दिवशी डावीकडे तापी दिसत असते आणि चूक लगेच लक्षात येते. मे महिन्यातल्या धुळकट हवेत मात्र ती दिसेलच याची खात्री नसते.

लांब पल्ल्यात हीच गोष्ट अधिक गंभीर होते. पाच तास पुरेल एवढे वापरण्याजोगे इंधन आणि शंभर नॉट्सचा वेग असेल, तर वारा नसताना अडीचशे मैलांपर्यंत जाऊन परत येता येते. जाताना वीस नॉट्सचा वारा समोरून असेल, तर जाण्याचा वेग ऐंशी आणि येण्याचा एकशे वीस होतो. तेव्हा परतीचा शेवटचा बिंदू, म्हणजे जिथून वळले तरच इंधनात परत पोहोचता येते ती जागा, तीन तासांवर, म्हणजे दोनशे चाळीस मैलांवर येतो. हाच वारा जाताना पाठीमागून असला तरी बिंदू दोन तासांवर आणि पुन्हा दोनशे चाळीस मैलांवरच राहतो. समोरचा असो वा पाठचा, वारा हे अंतर कमीच करतो, कारण ज्या दिशेने विमान हळू जाते त्या दिशेने त्याचा अधिक वेळ जातो. असे प्रश्न सीपीएलच्या नेव्हिगेशन पेपरमध्ये येतात, आणि केवळ सूत्र पाठ केलेला विद्यार्थी शब्द बदलले की अडखळतो.

आता क्रमाकडे येऊ. सर्वांत आधी वैद्यकीय तपासणी करावी; प्रवेश शुल्काचा एक रुपयाही त्यापूर्वी भरू नये. डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी असते. त्यांच्याकडून प्रथम क्लास टू मेडिकल होते. त्यात रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, श्रवण आणि दृष्टी यांची तपासणी असते. सीपीएलसाठी पुढे क्लास वन लागते आणि ते हवाई दलाच्या किंवा डीजीसीएने मान्य केलेल्या केंद्रात होते. त्याची वेळ डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरून घ्यावी लागते. चष्मा असणे ही आपोआप अपात्रता नाही, पण रंगांधळेपणाची तपासणी काटेकोर असते. कित्येक मुलांना आपल्याला लाल-हिरव्यात गोंधळ होतो हे त्या दिवशीच कळते, आणि तोवर एखाद्या संस्थेत पहिला हप्ता गेलेला असतो. हे टाळता येण्यासारखे दुःख आहे.

दुसरी पायरी कॉम्प्युटर नंबरची. डीजीसीएच्या परीक्षेला बसण्यासाठी हा क्रमांक ‘परीक्षा’ पोर्टलवर नोंदणी करून मिळतो. दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, स्वाक्षरी आणि बारावीच्या गुणपत्रिकेच्या खरेपणाबद्दल मंडळाचे पडताळणीपत्र ही त्यासाठीची मुख्य कागदपत्रे आहेत. खान्देशातील तिन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागात येत असल्यामुळे पडताळणीचा अर्ज तेथेच जातो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून निकालानंतर लगेच तो करावा.

याच टप्प्यावर सर्वाधिक अर्ज परत येताना मी पाहिले आहेत, आणि कारण अगदी साधे असते. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव छापलेले असते, तर आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी येते. कुठे वडिलांच्या नावाला ‘भाऊ’ किंवा ‘राव’ जोडलेले असते, कुठे इंग्रजीत एखादे अक्षर कमी-जास्त असते. महाविद्यालयाच्या कामात हे चालून जाते, येथे चालत नाही. दहावी, बारावी, आधार आणि पासपोर्ट ही चारही कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. फरक असेल तर दुरुस्ती आधी, अर्ज नंतर.

तिसरी पायरी प्रवेशाची. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. एव्हिएशन पदवी जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या महाविद्यालयात घेता येते. १९२८ साली स्थापन झालेल्या या क्लबचे उड्डाणशिक्षण धुळ्याच्या विमानतळावर चालते, ही आपल्यासाठी सोयीची बाब आहे. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत प्रवेश अखिल भारतीय परीक्षेने होतो. तेथे बारावीत ५० टक्के गुण आणि किमान १५८ सेंटिमीटर उंची अपेक्षित असते, आणि राखीव प्रवर्गाला गुणांत सवलत असते. जळगावपुरते सांगायचे, तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लिलाबारीबरोबर जळगाव विमानतळही प्रशिक्षण संस्थांसाठी निवडला. संस्था निवडताना डीजीसीए १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षातून दोनदा जाहीर करत असलेली फ्लाइंग स्कूलची श्रेणी जरूर पाहावी.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेकडून लेखी घ्यायची गोष्ट म्हणजे शुल्कात इन्स्ट्रुमेंट रेटिंग धरलेले आहे की नाही. सीपीएलला एकूण २०० तास उड्डाण लागते, त्यात १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना), २० तास क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे उड्डाण), किमान ३०० नॉटिकल मैलांचे एक उड्डाण ज्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरायचे असते, ५ तास रात्रीचे आणि केवळ १० तास इन्स्ट्रुमेंटचे. स्वतंत्र इन्स्ट्रुमेंट रेटिंगला मात्र ५० तास क्रॉस कंट्री आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट वेळ हवा असतो, ज्यातील जास्तीत जास्त २० तास सिम्युलेटरवर चालतात. या दोन आकड्यांतला फरक म्हणजेच नंतर वेगळे मागितले जाणारे पैसे.

हूड घालून बाहेरचे दिसू न देता केलेल्या त्या तासांचे महत्त्व सांगितलेच पाहिजे. विमान सावकाश, एकसारखे वळत राहिले की आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि वळण जाणवेनासे होते. वैमानिकाला आपण सरळ आहोत असे वाटत असते आणि समोरचा कृत्रिम क्षितिजदर्शक नेमके उलट सांगत असतो. अशा वेळी शरीराचे न ऐकता उपकरणाचे ऐकणे हे शिकावे लागते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी बाहेर काहीही न पाहता विमान उडवून, फिरवून आणि उतरवून दाखवणारे जिमी डूलिटल यांनी त्यापूर्वी १९२५ मध्ये एमआयटीतून वैमानिकी शास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. विद्यापीठाचा अभ्यास आणि कॉकपिट यांना परस्परांपासून तोडू नये, असे मला वाटते ते यासाठीच.

लेखी परीक्षांत एअर रेग्युलेशन, एअर नेव्हिगेशन, हवामान आणि तांत्रिक विषयांत प्रत्येकी ७० टक्के गुण लागतात, आणि सीपीएलसाठी हे निकाल पाच वर्षे ग्राह्य असतात. रेडिओ टेलिफोनीची, म्हणजे विमानातून रेडिओवर बोलण्याची, परीक्षा पूर्वी दूरसंचार विभाग घेत असे. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाल्यापासून ते काम डीजीसीएकडे आले आहे.

पैशाची तजवीज करताना एक अडचण खान्देशात वारंवार येते. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते, आणि बँकेला तारण ताब्यात घेऊन कर्ज वसूल करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीवर लागू होत नसल्यामुळे शेतीचा सातबारा सहसा स्वीकारला जात नाही. घर किंवा बिगरशेती भूखंड लागतो. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात कमर्शियल पायलट लायसन्सचा अभ्यासक्रम समाविष्ट आहे. त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र लागते. यांपैकी जात वैधतेला सर्वांत अधिक काळ लागतो, त्यामुळे त्याचा अर्ज अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत दाखल करावा.