नोकरी लागल्यावरही घर सुटत नाही

बापाचा धंदा मुलाने चालवायचा, ही रीत मागे पडली तेव्हा घराण्याचा प्रश्न मिटला असं वाटलं होतं. ब्रिटनमध्ये १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने सरकारी नोकरीत वशिल्याऐवजी स्पर्धा परीक्षा सुचवली. पुढे दीर्घकाळ चर्चा होत राहिली ती आत कोण येतं याची. आत आल्यावर कोण कुठवर पोचतं, याचा हिशेब बऱ्याच उशिरा सुरू झाला.

१९६७ मध्ये पीटर ब्लाउ आणि ओटिस डंकन या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकी पुरुषांच्या पाहणीवरून एक साखळी मांडली: वडिलांचं शिक्षण आणि पेशा, मग मुलाचं शिक्षण, पहिली नोकरी, आताची नोकरी. (आई या हिशेबात नव्हतीच.) वडिलांचा प्रभाव बहुतांशी शिक्षणातूनच पोचतो, असं त्यातून दिसलं. म्हणजे शिकलात की सुटलात, असा सोयीचा अर्थ काढायला अनेक जण मोकळे झाले.

पण १९७२ च्या ऑक्सफर्ड पाहणीने इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे १०,००० पुरुषांची पहिली नोकरी आणि नंतरची नोकरी वेगवेगळी विचारली, आणि चित्र गुंतागुंतीचं झालं. सुखवस्तू घरातली बरीच मुलं कारकुनीसारख्या साध्या कामापासून सुरुवात करत, पण पुढे वडिलांच्या थरात परत जात. पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावर बसलेला सहकारी त्यांच्या बरोबरीचा वाटे, तो तेवढ्यापुरताच.

अर्थशास्त्रज्ञांचीही अशीच फसगत झाली होती. बापलेकांच्या कमाईतला संबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे वडिलांच्या कमाईतला फरक मुलांत पूर्ण उतरतो) ते अनेकदा वडिलांच्या एकाच वर्षाच्या उत्पन्नावरून मोजत. गॅरी सोलन यांनी १९९२ मध्ये अनेक वर्षांची सरासरी घेतली, तर आधी ०.२ च्या आसपास मानला जाणारा आकडा ०.४ वर गेला. मुलाची कमाई तरुणपणी मोजली तरी तोच घोटाळा होतो. पंचविशीत दीर्घ शिक्षण घेणाऱ्याचा पगार कमी असतो आणि चाळिशीत तोच इतरांच्या पुढे निघून जातो.

ब्रिटनच्या श्रमशक्ती पाहणीत २०१४ मध्ये एक साधा प्रश्न आला: तुम्ही १४ वर्षांचे असताना घरातली मुख्य कमावती व्यक्ती काय काम करत होती? त्या उत्तरांवरून सॅम फ्रीडमन आणि डॅनियल लॉरिसन या समाजशास्त्रज्ञांनी दाखवलं की, वरच्या पेशांत पोचलेल्या कामगार घरांतल्या लोकांना उच्च स्तरातल्या घरांतून आलेल्या सहकाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १६ टक्के कमी पैसे मिळतात. शिक्षण, शहर, कंपनीचा आकार यांनी फरकाचा काही भाग उलगडतो, सगळा नाही. मला यातलं सर्वात पटणारं कारण पैशाचं आहे. राहत्या जागेचं भाडं घरचे भरत असतील तर बेभरवशाच्या कंत्राटावर दोन वर्षं काढता येतात, पडेल ते काम न घेता चांगल्या संधीची वाट पाहता येते. दुसरं कारण वरिष्ठांच्या मर्जीचं. ते ज्याला हाताशी धरतात, त्याची बोलण्याची ढब बहुधा त्यांच्यासारखीच असते.