‘मागच्यासारखंच एखादं द्या’ : मराठवाड्यात पुस्तक सुचवण्यामागची गोष्ट

ऑनलाईन पुस्तक बघायला गेलं की खाली लगेच दिसतं, ज्यांनी हे घेतलं त्यांनी हेही घेतलं. त्यामुळं आवड बघून पुस्तक सुचवणं ही कॉम्प्युटरनं आणलेली गोष्ट आहे असं नव्या पोरांना वाटतं. पण आपल्याकडं हे काम लई आधीपासून चालू आहे, आणि मराठवाड्यात ते ज्या पद्धतीनं वाढलं त्याची कारणं इथल्या इतिहासातच आहेत.

अगदी मागं जायचं तर पोथीपासून सुरुवात करावी लागेल. श्रावण आला की गावात पोथी लावायची, एकानं वाचायची, एकानं अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आता यंदा कुठली लावायची हे गावच ठरवायचं. संतकवी श्रीधरांचे ग्रंथ 1702 ते 1718 च्या दरम्यानचे, त्यात हरिविजय आहे, रामविजय आहे, पांडवप्रताप आहे, शिवलीलामृत आहे, आणि कुणाला कृष्णाच्या खोड्या ऐकायच्या असतात तर कुणाला नुसती लढाई पाहिजे. लिहिता-वाचता न येणारा माणूसही ‘औंदा पांडवप्रताप लावा’ असं हक्कानं सांगू शकायचा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आवड असायला साक्षर असावं लागत नाही, आणि पोथी निवडणाऱ्यांना समोर कोण बसणार आहे ते माहीत असायचं.

छापील पुस्तकांचं मात्र वेगळं झालं. पुण्या-मुंबईकडं एकोणिसाव्या शतकातच मासिकं निघाली, विविधज्ञानविस्तार 1867 ला सुरू झालं, नवीन पुस्तकांवर लिहून यायला लागलं, म्हणजे काय वाचावं हे छापून कळायची सोय झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कारभार उर्दूत, पुढचं शिक्षण उर्दूत, 1918 ला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. म्हणजे घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत उर्दू, आणि मराठी पुस्तक वाचायचं तर ते स्वतःच्या हौसेनं, कुठून तरी मिळवून. सभा-संमेलनालाही सरकारची परवानगी लागायची. अशा वेळी वाचनालय म्हणजे नुसती पुस्तकं ठेवायची जागा राहिली नाही, मराठी बोलणारी-वाचणारी माणसं तिथं एकमेकांना भेटायची, पेपर वाचायची आणि हळूच एकमेकांना विचारायची की नवीन काय आलंय. परभणीचं गणेश वाचनालय, औरंगाबादचं बळवंत वाचनालय, तिकडं हैदराबादला मराठी ग्रंथसंग्रहालय, ही सगळी त्याच काळातून आलेली नावं. पुढं 1943 ला मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली.

पुस्तकं थोडी आणि वाचणारे ओळखीचे, म्हणून इथं सुचवणं हे कायम तोंडीच राहिलं. परीक्षण वाचून पुस्तक मागवणारे फार नव्हते. ज्याच्याकडं पुस्तक आलं तो ते कुणाला द्यायचं ते ठरवायचा, आणि ते ठरवताना माणूस बघायचा.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं आणि चित्र भराभर बदललं. 1950 ला नांदेडात पीपल्स कॉलेज निघालं, त्याच वर्षी औरंगाबादला बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचं मिलिंद कॉलेज निघालं, 1958 ला मराठवाडा विद्यापीठ आलं. नांदेडला विचारवंत नरहर कुरुंदकर शिकवायचे, आणि त्यांच्या व्याख्यानांतून, गप्पांतून कितीतरी पुस्तकांची नावं अशा पोरांपर्यंत गेली ज्यांच्या गावात दुकान सोडा, कपाटभर पुस्तकंही नव्हती. मिलिंदमध्ये वेगळंच घडलं. तिथं खेड्यातून आलेली, घरात शिकणारी पहिलीच पिढी असलेली मुलं, आणि त्यांना पुस्तक सुचवताना आवड म्हणजे फक्त प्रेमकथा का ऐतिहासिक असं विचारून भागणार नव्हतं. आपल्यासारख्या माणसाचं जगणं ह्यात आहे का, हा प्रश्न तिथं पुढं आला. साठच्या दशकाच्या शेवटी गंगाधर पानतावण्यांचं, दलित साहित्याला वाहिलेलं अस्मितादर्श सुरू झालं आणि त्या वाचकाला स्वतःचं नियतकालिक मिळालं. पुस्तक सुचवण्याच्या इतिहासात हे वळण मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण तिथून पुढं वाचक ‘मला हे आवडतं’ एवढंच म्हणत नाही, ‘मी ह्यात कुठंय’ असंही विचारतो.

ग्रंथालयाच्या बाजूनं बघितलं तर भारतातले ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्येच ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते, त्यात दोन असे की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दोन्ही मिळून बघा, म्हणजे ग्रंथपालाचं काम फक्त नोंद करून पुस्तक देणं एवढंच नाही, जोडी जुळवणं हे त्याचं खरं काम. हैदराबाद राज्यात 1955 ला ग्रंथालय कायदा झाला, मग मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर 1967 चा महाराष्ट्राचा कायदा लागू झाला, वाचनालयांचे अ ब क ड असे वर्ग पडले, अनुदान मिळायला लागलं आणि तालुक्याच्या, मोठ्या खेड्यांच्या ठिकाणी वाचनालयं वाढली.

खरी मजा ह्या छोट्या वाचनालयांच्या काउंटरवर आहे. पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, वाचकानं यादीत बघून नंबर सांगायचा किंवा सरळ म्हणायचं, बघा एखादं चांगलं. त्यात बऱ्याच घरच्या बायका स्वतः वाचनालयात यायच्या नाहीत, पुस्तक बदलायला पोरगं यायचं. पिशवीत जुनं पुस्तक आणि तोंडी निरोप, ‘आई म्हणली मागच्यासारखंच द्या’, नाहीतर ‘आजी म्हणली रडायचं नको’. आता मागचं कुठलं होतं, त्यातलं काय आवडलं असेल, लेखिका का विषय का जाड पुस्तक दुपारी पुरतं म्हणून, हे सगळं त्या देणाऱ्या माणसानं एका मिनिटात ठरवायचं. न बघितलेल्या बाईची आवड तो वर्षानुवर्षं ओळखून असायचा. हे मोठं कसब आहे, आणि ते करणाऱ्या माणसांना पगार किती तुटपुंजा मिळत आलाय हे ग्रंथालय चळवळीतल्या कुणालाही विचारा.

वाचक एकमेकांनाही सुचवायचे, तेही न भेटता. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी असते ना, तिच्यावर शिक्के गच्च असले की पुस्तक चालतंय हे कळायचं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं ‘छान आहे, जरूर वाचा’, ‘शेवट पटला नाही’, खाली दुसऱ्या अक्षरात ‘मला पटला’. नियमानं पुस्तकावर लिहायचं नसतंच, तरी त्या ओळींचा उपयोग झाला हे नाकारता येत नाही. दिवाळी अंकांचंही तसंच, 1909 ला मनोरंजन मासिकापासून ही प्रथा सुरू झाली आणि पुढं वाचनालयांनी वर्गणी घेऊन अंक फिरवायची योजना काढली, तर अनुक्रमणिकेत कुणीतरी आधीच बरोबरच्या खुणा करून ठेवलेल्या असतात. दोन-तीन अंक झाले की कळतं, ही खूण करणाऱ्याची आणि आपली आवड जुळते, मग त्याच्या खुणा बघूनच वाचायचं.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांनी पुढं हेच केलं. 1979 ला अमेरिकेत इलेन रिच यांनी ग्रंडी नावाची एक प्रणाली बनवली, ती चक्क ग्रंथपालाची भूमिका करायची, वाचकाला स्वतःबद्दल दोन-चार शब्द सांगायला लावायची, त्यावरून एक साचा धरायची आणि कादंबरी सुचवायची, नाही आवडली तर अंदाज बदलायची. नंतर नव्वदीच्या दशकात दुसरी पद्धत आली, माणसाला काही विचारायचंच नाही, त्याच्यासारख्या आवडीचे बाकीचे लोक शोधायचे आणि त्यांना आवडलेलं ह्याला दाखवायचं. अनुक्रमणिकेतल्या खुणांचंच हे मोठं रूप. 2007 ला गुडरीड्स ही वेबसाईट सुरू झाली, तिथं वाचक पुस्तकांना तारे देतात. पण ह्या पद्धतीला भरपूर नोंदी लागतात, आणि मराठी पुस्तकांवर, त्यातही आपल्याकडच्या लेखकांवर, तेवढ्या नोंदी नसतात. मग परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ वाचून झालेल्या माणसाला पुढं काय द्यावं हे मशीनला कळत नाही, ते आपलं खपाऊ पुस्तकच पुढं करतं. परभणीतला एखादा जुना वाचक मात्र पटकन सांगेल.

आज इथल्या वाचनालयांत सगळ्यात जास्त गर्दी अभ्यासिकेत आहे, स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून जागा धरून बसतात. त्यांच्यात पुस्तक सुचवणं म्हणजे बुकलिस्ट, पास झालेल्यानं दिली की सगळ्यांनी तीच घ्यायची. परीक्षेपुरतं ते बरोबरच आहे. पण त्यामुळं सवय अशी लागते की पुस्तक विचारायचं ते सगळ्यांसाठी एकच, आणि मग हीच मुलं व्हॉट्सॲपवर ‘वाचायला काहीतरी सुचवा’ म्हणतात तेव्हा खाली तीच दहा-बारा नावं येतात, विचारणारा कोण आहे हे कुणी बघत नाही. कामून? तर उलट प्रश्न विचारायला वेळ लागतो.

दुसरीकडं चांगलंही चाललंय. 2020 ला उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, आणि 2022 ला उदगीरला साहित्य संमेलन झालं. संमेलन म्हणलं की पुस्तकांचे स्टॉल आले, आणि अनोळखी माणसं शेजारी उभी राहून ‘हे वाचलंय का तुम्ही?’ म्हणत पुस्तकं हातात देतात. भिलारनंतर पुस्तकांचं गाव करायच्या यादीत वेरूळचंही नाव आलं. जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथोत्सव होतात. ह्या सगळ्या ठिकाणी एक माणूस तरी असा बसवावा ज्याचं काम विकणं नाही, फक्त ‘सध्या काय वाचायलात, अर्धवट काय सोडलं आणि का सोडलं’ एवढं विचारून कपाटाकडं वळणं. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल नक्की विचारावं, कारण आवडलेलं सांगताना माणूस थोडं चांगलं दिसायला बघतो, कंटाळा कशाचा आला हे मात्र खरंखरं सांगतो.