कॉडेक्स वनस्पती

कॉडेक्स वनस्पती : बुंधा, मूळ किंवा दोन्ही फुगून ज्यांचा गड्डा तयार होतो आणि त्यात साठवलेल्या पाण्यावर व पिष्टावर ज्या कोरडे महिने काढतात, अशा बहुवर्षायू वनस्पतींना हौशी बागकामात दिलेले नाव. पाऊस झाला की गड्ड्यातून फांद्या किंवा वेल फुटतात. पाऊस सरला की पाने झडतात, वेल वाळतात आणि गड्डा तेवढा उरतो. रोपवाटिकेत आलेले सर्वसाधारण गिऱ्हाईक पाने आणि फुले बघते, कॉडेक्सवाला उकिडवा बसून झाडाचे बूड बघतो.

‘कॉडेक्स’ हा लॅटिन शब्द. अर्थ झाडाचा बुंधा, ओंडका. ओंडक्याच्या फळ्या एकत्र बांधून त्यांवर लिहीत, म्हणून बांधीव हस्तलिखितालाही पुढे याच शब्दाच्या दुसऱ्या रूपाने, ‘कोडेक्स’ म्हणून, ओळखू लागले. वनस्पतिशास्त्रात सायकसच्या किंवा ताडाच्या खोडालाही कॉडेक्स म्हणता येते. संग्राहकांचा अर्थ मात्र सैल आहे. फुगलेले खोड असो, मूळ असो, की बीजदलांच्या खालचा दांडा असो, कुंडीत मातीच्या वर उचलून ठेवल्यावर गरगरीत दिसले की ते कॉडेक्स. कित्येक जातींचा हा भाग मूळ रानात जमिनीखाली असतो. उन्हापासून आणि जनावरांपासून लपवलेली शिदोरी उघड्यावर मांडायची, ही आवड कुंडीतल्या माणसाची आहे, झाडाची नव्हे. सबंध बुंधाच जाड असलेल्या झाडांना ‘पॅकीकॉल’ म्हणतात. आपल्याकडची गोरखचिंच त्यांतलीच. ती मूळची आफ्रिकेची.

कॉडेक्स वनस्पतींचे एक कुळ नाही. एकमेकांशी नाते नसलेल्या अनेक कुळांनी दुष्काळावर हाच तोडगा वेगवेगळा शोधून काढला. म्हणून संग्राहकाच्या मांडणीवरची परदेशी नावे ऐकून बिचकण्याचे कारण नाही. त्यांतल्या पुष्कळांचे भाऊबंद आपल्या परसात आणि बाजारात आहेत. अडेनियम (‘वाळवंटी गुलाब’) व पॅकीपोडियम ही कण्हेरीच्या कुळातली. आफ्रिकेतील अडेनिया कृष्णकमळाच्या कुळातली. केनियाकडील मोमोर्डिका रोस्ट्राटा ही आपल्या कर्टोलीच्या प्रजातीतली, आणि कर्टोलीसुद्धा जमिनीतल्या कंदावर उन्हाळा काढून पहिल्या पावसाला वर येते. मादागास्करच्या बाटलीसारख्या बुंध्याचा मोरिंगा हा शेवग्याचा सख्खा. शेवग्याचे कोवळे रोप उपटून पाहिले तर खाली मुळ्यासारखे जाड मूळ सापडते. दारात लावायला आवडणारा, तांबड्या फुलांचा आणि पोट सुटलेल्या बुंध्याचा जट्रोफा पोडाग्रिका मध्य अमेरिकेचा. आपला मोगली एरंड त्याचाच भाऊ. कॉमिफोरा म्हणजे गुग्गुळाची प्रजाती.

इतिहास : अडेनियमची पहिली शास्त्रीय नोंद ज्या मोहिमेतून झाली तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला वनस्पतिज्ञ पेटर फोर्स्कोल १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने वारला. त्याच्या टिपणांवरून मोहिमेतल्याच कार्स्टन नीबूरने १७७५ मध्ये ग्रंथ छापला, त्यात ही वनस्पती कण्हेरीच्या प्रजातीत, ‘नेरियम ओबेसम’ म्हणून, आली. पुढे १८१९ मध्ये तिला अडेनियम ही वेगळी प्रजाती मिळाली. नाव एडनवरून पडले. मोहिमेतले सोबती एकामागून एक गेले आणि नीबूर एकटा उरला तो मुंबईत. त्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली आणि चित्रे काढली. लेण्यांच्या अभ्यासकांना तो माहीत असतो, अडेनियमवाल्यांना सहसा नसतो.

व्हिएन्नातील शोनब्रुन राजवाड्याच्या काचघरात फोकिया क्रिस्पा या दक्षिण आफ्रिकी वनस्पतीचे एक झाड अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कुंडीत आहे. कुंडीत जगलेल्या मांसल वनस्पतींपैकी जगातील सर्वांत जुनी अशी तिची ख्याती आहे. ही जात रानातून नामशेष झाली असून हे शेवटचे झाड, असा समज दीर्घकाळ होता. नंतर कारूच्या खडकाळ प्रदेशात ती पुन्हा आढळली. फोकिया रुईच्या गोतातली.

गड्ड्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठ्या उलाढालीचा प्रसंग मात्र बागेतला नाही. मेक्सिकोतील डायोस्कोरिया मेक्सिकाना या वेलाचा गड्डा कासवाच्या पाठीसारखा भेगाळलेला असतो. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने त्यातील डायोस्जेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवून दाखवले. त्यातून १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. तिच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये नॉरएथिस्टेरॉन तयार झाले, जे पुढे संततिनियमनाच्या गोळ्यांत वापरले गेले. डायोस्कोरिया म्हणजे आपल्या कोनफळाची आणि करांद्याची प्रजाती. दक्षिण आफ्रिकेतील डायोस्कोरिया एलेफंटिपिस, म्हणजे ‘हत्तीपाय’, हा याच प्रजातीतला दागिना. बुचासारख्या सालीचे बहुकोनी ढलपे, त्यांमधल्या खोल भेगा, आणि त्या राकट ढिगातून निघालेला हृदयाकृती पानांचा नाजूक वेल. बी पेरून मुठीएवढा गड्डा व्हायलाच वर्षे जातात.

अडेनियमची लागवड : महाराष्ट्रात कॉडेक्सची हौस बहुधा अडेनियमपासून सुरू होते आणि पुष्कळांची तिथेच रमते. ‘वाळवंटी गुलाब’ हे नाव फुलांवरून पडले. गुलाबाशी त्याचा संबंध नाही. दख्खनच्या पठारावरचे ऊन त्याला मानवते. मुंबई-कोकणातला पाऊस नाही.

गड्डा हवा असेल तर रोप बियांचेच घ्यावे. फांदी लावून झाड होते, फुलतेही, पण बियांच्या रोपासारखे घाटदार बूड त्याला सहसा धरत नाही. शेंगा बैलाच्या शिंगांसारख्या जोडीने येतात. आतल्या काडीसारख्या बीच्या दोन्ही टोकांना रेशमी झुपका असतो, त्यामुळे शेंग उकलली की सगळे बी वाऱ्यावर. म्हणून पिकत आलेल्या शेंगेला दोरा गुंडाळून ठेवतात किंवा जाळीची पिशवी चढवतात. ताजे बी आठवड्याच्या आत उगवते आणि रोपाचा दांडा पहिल्यापासूनच गुबगुबीत असतो. जुने बी पेरून उगवणीची वाट बघण्यात अर्थ नाही. दुहेरी पाकळ्यांची किंवा गडद रंगांची नामांकित वाणे बियांतून तशीच उतरत नाहीत. ती बियांच्या रोपावर कलम करतात. थायलंड आणि तैवानमधल्या बागाईतदारांनी या कामात मोठी मजल मारली आहे.

माती म्हणजे निचरा, बाकी सारे त्यानंतर. काळी माती कुंडीत चिकटून बसते, म्हणून ती टाळतात. जाडसर रेती किंवा बारीक खडी, विटांचे तुकडे, थोडे कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, असे मिश्रण चालते. कुंडीला वरून पाणी घातल्यावर ते खालून लगेच धावले पाहिजे. वर तळे साचले तर मिश्रण फसले. पसरट, उथळ कुंडीत मुळे आडवी पसरतात आणि बूड रुंदावते.

कुंडी बदलायचे काम थंडी सरल्यावर, होळीच्या आसपास करतात. झाड काढून मुळे धुतात, खाली सरळ गेलेली आणि बारीक मुळे धारदार सुरीने छाटतात, कापांना बुरशीनाशक किंवा हळद लावतात आणि झाड सावलीत काही दिवस उघडेच ठेवतात. कण्हेरवर्गीय झाडाला असे बिनमातीचे ठेवताना नवख्याचा जीव वरखाली होतो, पण जखम सुकल्याशिवाय लावले तर सड ठरलेली. लावताना मूळचे बूड पूर्वीपेक्षा बोटभर वर घेतात. दर वेळी असे उचलत गेल्याने वर्षांनंतर मुळांचा पसारा वडाच्या पारंब्यांसारखा दिसू लागतो. काही जण मुळांखाली जुनी सीडी किंवा प्लास्टिकची चकती ठेवून ती चहूबाजूंना पसरवतात. त्यातून सुबक झाड मिळते. सगळ्यांची झाडे एकसारखी दिसू लागतात, हाही त्याचाच परिणाम.

पाण्याचा सर्वसाधारण रिवाज असा : उन्हाळ्यात भरपूर, वरची माती सुकल्यावर, दिवाळीनंतर कमी करत जाऊन कडाक्याच्या थंडीत जवळपास बंद. पुणे-नाशिककडे पारा दहा अंशांच्या आसपास आला की पाने गळतात, तो आजार नव्हे. नेमके त्याच वेळी काळजीपोटी कोणीतरी तांब्याभर पाणी घालते आणि झाड जाते.

सडीची पारख अंगठ्याने होते. गड्डा चहूबाजूंनी सारखा सैल लागला, कातडी किंचित सुरकुतली, तर झाड तहानलेले आहे. पाणी मिळताच दोन-चार दिवसांत टणक होते. एकाच बाजूला बोट रुतले, तिथला रंग काळपट झाला आणि वास आला, तर ती सड. मग दयामाया न करता कापत जायचे. कापात तपकिरी ठिपका किंवा कडे दिसते तोवर सुरी थांबवायची नाही. पांढरे, स्वच्छ मांस लागल्यावरच थांबायचे. अर्धा गड्डा गमावलेली झाडेही वाळवून, पुन्हा लावून जगतात, मात्र घाट कायमचा मोडतो.

पिठ्या ढेकूण, लाल कोळी आणि पिवळा मावा हे नेहमीचे पाहुणे. त्याहून मोठा खादाड म्हणजे कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. बोटाएवढी, हिरवीगार, डोक्यामागे निळसर डोळ्यांचे दोन ठसे. ती पानाच्या देठाला अशी लागून बसते की झाडाचा शेंडा भुंडा झाल्यावर आणि कुंडीत काळ्या लेंड्या पडल्यावरच तिचा पत्ता लागतो. तगरीवर आणि सदाफुलीवरही ती असते. अडेनियमच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात, आफ्रिकेत तो बाणांना लावत. अळीला त्याचे काही वाटत नाही. माणसाने छाटणीनंतर हात धुवावेत आणि कुंड्या मुलांच्या व शेळ्यांच्या तोंडापासून दूर ठेवाव्यात.

सगळेच कॉडेक्स पावसाळी नसतात. हत्तीपाय, टायलेकोडॉन, ओथोना ही मंडळी दक्षिण आफ्रिकेतल्या केपकडच्या हिवाळी पावसाची. ती आपल्याकडे पावसाळा सरताना जागी होतात आणि उन्हाळ्यात झोपतात. अडेनियमच्या वेळापत्रकाने त्यांना पाणी घातले की ती झोपेतच कुजतात.

व्यापार आणि कायदा : सावकाश वाढ हीच या झाडांची किंमत आणि हाच त्यांचा घात. रोपवाटिकेत पंधरा-वीस वर्षे सांभाळण्यापेक्षा डोंगरावरून उपटून आणणे स्वस्त पडते. मादागास्करच्या गारगोटीच्या उघड्या खडकांवर बटाट्यांच्या ढिगासारखा वाढणारा पॅकीपोडियम ब्रेविकॉल किंवा जपानमध्ये प्रचंड मागणी असलेला पॅकीपोडियम ग्रासिलियस यांची मुळे तोडून बोडकी केलेली रानझाडे बाजारात येतात. त्यांतली कित्येक पुन्हा मूळ धरत नाहीत. पाने काढतात ती साठलेल्या पाण्यावर, आणि साठा संपला की मरतात. ग्राहकाला वाटते आपले काही चुकले. ऑनलाइन विकले जाणारे स्टेफानिया या वेलाचे बिनमुळांचे गोळेही पुष्कळदा जंगलातून खणलेले असतात, आणि वरची बाजू कोणती हे न कळल्याने उलटे लावलेही जातात.

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा साइटीस करार १९७५ मध्ये अमलात आला. भारत १९७६ पासून त्यात आहे. पॅकीपोडियमच्या काही जाती त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आणि उरलेल्या सर्व दुसऱ्यात आहेत. ‘पोनीटेल पाम’ म्हणून घरोघरी असलेल्या मेक्सिकोच्या बोकार्नियालाही २०१६ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात घेतले गेले. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने साइटीसमधल्या जाती भारतीय कायद्याच्या अनुसूचीत आल्या. शिवाय परदेशातून रोप किंवा बी आणताना आयात परवाना व वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. टपालाच्या पाकिटातून गुपचूप मागवलेले बी या सगळ्याला बगल देते, हे मागवणाऱ्यालाही ठाऊक असते.

सह्याद्रीतील कंदवाल्या : ‘दुर्मीळ कॉडेक्स’ म्हटले की नजर सोकोत्रा बेटाकडे किंवा मादागास्करकडे जाते, आणि पायाखालचे राहून जाते. कंदीलपुष्प किंवा खर्पुडी म्हणून ओळखली जाणारी सेरोपेजिया ही प्रजाती याचे उत्तम उदाहरण. तिच्या कित्येक जाती पश्चिम घाटाखेरीज जगात कुठेच नाहीत. जमिनीत चपटा कंद, वर पावसाळ्यापुरता नाजूक वेल किंवा दांडा, आणि उभ्या कंदिलासारखे फूल. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेली चिमुकली माशी केस कोमेजेपर्यंत अडकून राहते आणि सुटताना पराग घेऊन जाते. कंद गोडसर लागतात. गुराखी ते खणून खातात, साळिंदर आणि रानडुक्करही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव यांनी या प्रजातीचा अभ्यास आणि संवर्धन दीर्घकाळ केले आहे. रोपवाटिकांत टांगत्या कुंड्यांमधून विकली जाणारी हृदयाकृती पानांची वेल, सेरोपेजिया वुडी, हीसुद्धा हिचीच दक्षिण आफ्रिकी बहीण; तिच्या दोरीवर मण्यांसारखे लहान कंद धरतात.

शिंदळ माकुडी (फ्रेरिया इंडिका) हिला गड्डा नाही, फुगलेल्या मांसल फांद्या आहेत, त्यामुळे काटेकोर संग्राहक तिला या नोंदीत बसवणार नाही. पण पावसात पाने, कोरड्यात नुसत्या फांद्या, हा व्यवहार तोच. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने डॅल्झेल या वनस्पतिज्ञाने एकोणिसाव्या शतकात तिची नोंद केली. ती जुन्नर परिसरातल्या आणि सह्याद्रीतल्या आणखी मोजक्या डोंगरांच्या कड्यांवर उगवते, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला तांबूस-जांभळी चांदण्यांसारखी फुले येतात. फांदी तोडून लावली तरी ती सहज मुळे धरते, म्हणून उद्यानांत रोपे वाढवून ती पुन्हा कड्यांवर लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. वणवा आणि चराई यांतून निसर्गतः ती वाचली आहे ती बहुतेक शेळीचे तोंड पोचत नाही अशा उभ्या कपारींत.