एनएमआर आणि प्रथिनाची घडी: एका रेणूचा मागोवा

गाईच्या स्वादुपिंडात सापडणारं रायबोन्यूक्लिएज ए हे १२४ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांना रेडिओलहरी देऊन रेणू वाचायचं तंत्र; त्याच्या आलेखात, म्हणजे वर्णपटात, वेगवेगळ्या जागच्या हायड्रोजनांचे उंचवटे दिसतात. कुठल्याही प्रथिनाचा पहिला एनएमआर वर्णपट १९५७ साली घेतला गेला, तो याचाच. सॉन्डर्स, विश्निया आणि कर्कवुड यांच्या हाती ४० मेगाहर्ट्‌झवर आले ते मोजके रुंद उंचवटे. त्याआधी १९५१मध्ये स्टॅनफर्डला आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलमधले तीन प्रकारचे हायड्रोजन वेगवेगळे दाखवले होते. (यातले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले आणि तिथे एनएमआरचा गट उभा राहिला.) प्रथिनात मात्र शेकडो हायड्रोजनांची सरमिसळ.

प्रथिनाची साखळी दुमडून ठरावीक आकार घेते, तीच त्याची घडी. साठच्या दशकात जीवरसायनज्ञ अॅनफिन्सन यांनी दाखवलं, की उलगडलेलं रायबोन्यूक्लिएज आपणहून पुन्हा घडी घालतं. त्याच दशकाच्या अखेरीस जीवभौतिकीतले लेव्हिन्थाल यांनी खोच काढली: सगळे आकार चाचपत बसलं तर विश्वाचं वयही पुरणार नाही. म्हणजे वाट ठरलेली असणार. पण ती पाहायची कशी?

सरमिसळ सुटली झुरिकमध्ये. अर्न्स्ट, व्यूथ्रिख आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे अनिल कुमार यांनी १९८०मध्ये द्विमितीय, म्हणजे दोन अक्षांवर पसरलेल्या, वर्णपटातून जवळजवळचे हायड्रोजन ओळखले. त्यातून प्रथिनांच्या रचना मिळू लागल्या. व्यूथ्रिख यांना २००२चं नोबेलही मिळालं. माझ्या मते खरी कल्पकता मात्र रचनेत नाही, वाट शोधण्यात दिसली.

अडचण वेळेची होती. वर्णपटाला तास लागत, घडीचे पहिले टप्पे मिलिसेकंदांत उरकत. तोडगा असा: नोंद आधी, वाचन नंतर. जड पाण्यात हायड्रोजनाच्या जागी त्याचं जड रूप, ड्युटेरियम, असतं; त्यात उलगडलेल्या प्रथिनाच्या एनएच (नायट्रोजन-हायड्रोजन) गटांत ड्युटेरियम बसतं. घडी सुरू करायची आणि ठरल्या क्षणी पीएच चढवलेल्या साध्या पाण्याचा झटका द्यायचा; चढ्या पीएचला ही अदलाबदल झपाट्याने होते. उघड्या जागी हायड्रोजन शिरतो, घडीतले हायड्रोजन-बंध जुळलेल्या जागी ड्युटेरियम टिकतं. घडी पूर्ण झाली, की निवांत वर्णपट घ्यायचा. ड्युटेरियम त्यात दिसत नाही, म्हणून झटक्याच्या क्षणी कुठल्या जागा जुळल्या होत्या ते कळतं.

१९८८मध्ये या धर्तीचे दोन निबंध 'नेचर'मध्ये आले. रोडर, एलोव्ह आणि इंग्लंडर यांचा सायटोक्रोम सी या प्रथिनावर. तर जयंत उदगावकर आणि बाल्डविन यांचा पुन्हा रायबोन्यूक्लिएजवरच. त्याची बीटा चादर (साखळीचे शेजारी-शेजारी बांधलेले पदर) लवकर जुळते, असं त्यांना दिसलं. उदगावकर पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचे संचालक झाले.

२००४पर्यंत टोरांटोत लुइस के यांच्या गटाने झटका न देताही, समतोलात (रेणू सतत उलगडत आणि घडी घालत असताना) अत्यल्प प्रमाणात असलेला घडीचा मधला टप्पा एनएमआरने टिपला होता.