वाऱ्याला जाऊ द्यावं लागतं

परवा एका मित्राने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. उभ्या पिंपासारखं एक चकचकीत यंत्र गोल गोल फिरतंय, मागे संगीत चालू आहे आणि निवेदक ठासून सांगतोय की हे यंत्र वाऱ्यातली ९० टक्के ऊर्जा काढून घेतं, ‘जुनाट’ पवनचक्क्यांना त्याच्या निम्मीही जमत नाही. खाली मित्राची पुरवणी होती : ‘मी कधीपासून म्हणतोय! तीन पात्यांच्या मध्ये एवढी जागा मोकळी सोडलीय, सगळा वारा तिथूनच निसटतो. इंजिनिअर लोकांना एवढं साधं दिसत नाही का?’

दिसतं. शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. पण मित्राची शंका अगदीच टाकाऊ नाही. पवनऊर्जेतल्या माझ्या सगळ्यात आवडत्या गणिताचं दार याच शंकेतून उघडतं.

आधी वाऱ्यात ऊर्जा असते तरी किती ते बघू. एक चौरस मीटरची रिकामी चौकट वाऱ्याच्या तोंडाशी धरली आहे असं समजा. वारा सेकंदाला ६ मीटर वेगाने वाहतोय. म्हणजे एका सेकंदात त्या चौकटीतून ६ मीटर लांबीचा हवेचा ठोकळा पलीकडे जातो. हवेला वजन नसतं असं आपल्याला उगीच वाटतं. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा सव्वा किलोच्या आसपास भरते. तेव्हा आपला ठोकळा झाला साधारण ७.३५ किलोचा. शाळेतलं गतिज ऊर्जेचं सूत्र लावा, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं १३२ वॅट.

आता वारा दुप्पट करा, सेकंदाला १२ मीटर. दर किलोमागची ऊर्जा चौपट झाली, हे उघड आहे. पण ठोकळाही दुप्पट लांब झाला, हे पटकन लक्षात येत नाही. चार दुणे आठ. १३२ वॅटचे थेट १०५८ वॅट! उलट वारा ३ मीटरवर आला की हातात उरतात फक्त साडेसोळा. ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते ती अशी. पवनऊर्जेतल्या निम्म्या गोष्टींचं मूळ या एका घनात आहे. मनोरे इतके उंच का? कारण जमिनीलगत झाडं, घरं आणि चढउतार वाऱ्याला अडवतात, वर तो मोकळा होतो. आणि वेग नुसता दहा टक्के वाढला तरी ऊर्जा तेहतीस टक्के वाढते. वाऱ्याच्या सरासरी वेगावर भुलू नये, ते का? दिवसभर एकसारखा ६ मीटरचा वारा आणि अर्धा दिवस ३, अर्धा दिवस ९ मीटरचा वारा यांची सरासरी एकच. पण दुसऱ्या दिवशी ऊर्जा पावणेदोन पट मिळते. कागद घेऊन करून बघा, मजा येते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यातली सगळीच ऊर्जा का काढून घेता येत नाही?

सगळी काढायची म्हणजे हवा पूर्ण थांबवायची. पण चक्रातून, म्हणजे फिरत्या पात्यांच्या वर्तुळातून, गेलेली हवा पलीकडे थांबून राहिली, तर मागून येणाऱ्या हवेने जायचं कुठे? ती चक्राला वळसा घालून बाजूने निघून जाणार. भिंत वाऱ्याला छान अडवते, पण भिंतीतून वीज निघत नाही. दुसऱ्या टोकाला, हवा जशी आली तशीच पलीकडे गेली तर आपण तिच्याकडून काहीच घेतलं नाही. मधे कुठेतरी सुवर्णमध्य असणार. तो नेमका कुठे, हे १९२०च्या सुमारास जर्मनीत ग्योटिंगेनला अल्बर्ट बेट्झ यांनी मांडलं. इंग्लंडचे लँचेस्टर आणि रशियाचे झुकोव्हस्की हेही स्वतंत्रपणे त्याच उत्तराला पोचले होते, पण नाव चिकटलं बेट्झचं.

गणितातली खुबी अशी. चक्र हवेला मागे रेटतं, म्हणून हवा मंदावते. हे मंदावणं चक्राच्या जागी एकदम होत नाही, थोडं चक्राच्या आधी होतं आणि थोडं नंतर. हवेने गमावलेली ऊर्जा दोन वाटांनी मोजता येते. एक वाट : आधीच्या वेगाचा वर्ग वजा नंतरच्या वेगाचा वर्ग. दुसरी वाट : चक्राने लावलेला जोर गुणिले चक्रापाशी असलेला हवेचा वेग. आणि तो जोर दोन वेगांच्या नुसत्या वजाबाकीच्या प्रमाणात असतो. आठवीतलं ‘अ वर्ग वजा ब वर्ग’ आठवा, त्यातून वजाबाकीचा कंस काढून टाकला की बेरजेचा कंस उरतो. दोन्ही वाटा जुळवल्या की कळतं, चक्रापाशी हवेचा वेग हा आधीच्या आणि नंतरच्या वेगाची बरोबर सरासरी असतो. अर्धं मंदावणं आधी, अर्धं नंतर. इथे डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पुढचा हिशेब सोपा आहे.

समजा, पलीकडे जाताना हवेचा वेग मूळच्या एक तृतीयांश उरला. मग चक्रापाशी तो दोन तृतीयांश असणार. म्हणजे रिकाम्या चौकटीतून जितकी हवा गेली असती, तिच्या दोन तृतीयांशच चक्रातून जाते. उरलेली चक्र समोर आहे हे ‘कळून’ आधीच बाजूला वळते. जी हवा आत जाते तिचा वेग एक तृतीयांशावर, म्हणजे ऊर्जा एक नवमांशावर येते. नवातले आठ भाग आपण काढून घेतले! दोन तृतीयांश गुणिले आठ नवमांश, बरोबर सोळा सत्तावीसांश. ५९.३ टक्के.

वाऱ्याचे २७ वाटे करा. ९ वाटे चक्रात शिरलेच नाहीत. १६ वाटे आपण घेतले. उरलेले २ वाटे हवेने पुढची वाट चालायला ठेवून घेतले. जास्त हाव धरून हवेला आणखी पिळायला गेलात, समजा वेग एक पंचमांशावर आणलात, तर आत शिरणारी हवाच कमी होते आणि उत्तर ५७.६ टक्क्यांवर घसरतं. हात सैल सोडून निम्मा वेग पुढे जाऊ दिलात तर ५६ आणि थोडे वर. एक तृतीयांश हाच माथा. ‘४१ टक्के वारा वाया’ हे म्हणणं म्हणूनच मला खटकतं. त्यातला बराचसा वारा आपल्या ताटात आलेलाच नसतो.

या सगळ्या हिशेबात पात्यांचा उल्लेख कुठे आला? आलाच नाही. तीन पाती असोत, तीनशे असोत किंवा पिंप असो, उघड्या वाऱ्यात उभ्या असलेल्या यंत्राला ही मर्यादा चुकत नाही. भोवती नरसाळं बसवून ती ओलांडल्याचे दावे येतात, पण तिथे बहुतेक वेळा हिशेब आतल्या लहान वर्तुळाचा मांडलेला असतो. बाहेरच्या मोठ्या तोंडाचं क्षेत्रफळ धरलं की जादू उतरते. आजची चांगली यंत्रं ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जातात. म्हणजे निसर्गाने घातलेल्या कुंपणाच्या पुष्कळ जवळ.

मग मोकळ्या जागेचं काय? चालत्या बसच्या खिडकीतून हात बाहेर काढायचा उद्योग लहानपणी सगळ्यांनी केलेला असतो (आता करू नका). तळवा वाऱ्यासमोर उभा धरला की हात मागे ढकलला जातो. आडवा धरून पुढची कड जराशी वर केली की हात वर उचलला जातो, आणि तो नुसत्या ढकलण्यापेक्षा वेगळाच झटका असतो. पिंपासारखी यंत्रं मुख्यतः पहिल्या जोरावर चालतात, त्यामुळे त्यांचा कडेचा वेग वाऱ्याच्या फार पुढे जाऊ शकत नाही. पवनचक्कीचं पातं दुसऱ्या जोरावर, विमानाच्या पंखासारखं चालतं आणि वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने पळतं. १५० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला १० फेरे घेतं, लांबून बघताना अगदी आळसावलेलं दिसतं. पण परिघ मोजा : पात्याचं टोक ताशी २८० किलोमीटरच्या वर धावत असतं. मधली जागा मोकळी दिसते ती आपल्या डोळ्याला. एका पात्याने ढवळलेली हवा पुढे सरकते न सरकते तोच दुसरं पातं तिथे हजर होतं. पाती दाटीने बसवली तर चक्र भिंतीसारखं वागू लागतं आणि वारा बाजूने जातो.

हे माणसाला अनुभवातून कळलं. १८८८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला चार्ल्स ब्रश यांनी घरामागे १७ मीटर व्यासाचं चक्र उभारलं, १४४ पाती असलेलं. वीज मिळाली जेमतेम १२ किलोवॅट. पुढे डेन्मार्कमध्ये आस्कोव्हच्या शाळेतल्या पाउल ला कूर या शिक्षकाने प्रयोग करून दाखवलं की वीज हवी तर थोडी पाती आणि वेगवान चक्रच बरं. विहिरीवर पंप ओढणाऱ्या चक्क्यांना दाट पाती असतात, कारण त्यांना सुरुवातीलाच जड दट्ट्या उचलायचा असतो. काम वेगळं, अवजार वेगळं.

मंदावलेली हवा डोळ्यांना दिसत नाही. एकदा मात्र दिसली. २००८च्या फेब्रुवारीत डेन्मार्कच्या किनाऱ्यापलीकडे हॉर्न्स रेव्ह या समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या समूहावर हवामान असं जुळून आलं की प्रत्येक चक्रामागे धुक्याचा लांबच लांब पिसारा तयार झाला आणि कुणीतरी वरून छायाचित्र टिपलं. ८० यंत्रांच्या रांगा, आणि पुढच्या यंत्राचा पिसारा थेट मागच्याच्या तोंडावर. मागच्या रांगांना उष्टा वारा मिळतो तो असा. म्हणूनच दोन चक्क्यांमध्ये व्यासाच्या पाच ते दहा पट अंतर सोडतात. ‘एवढी जमीन अडवली’ म्हणून ओरड होते, पण मनोऱ्याचा पाया सोडला तर मधल्या जमिनीत शेती चालू राहू शकते.

आता व्यवहार. साधारण ३ ते ४ मीटरच्या खाली वारा असेल तर यंत्र वीज देत नाही, १२ मीटरच्या आसपास पूर्ण क्षमतेला पोचतं, आणि २५ मीटरला पाती वळवून घेऊन थांबतं. वारा भरपूर आहे मग थांबवता का, असं विचारणाऱ्याने पुन्हा तो घन आठवावा. वादळात मोडून पडण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. जमिनीवरच्या यंत्राकडून वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या २५ ते ३५ टक्के वीज मिळते, समुद्रात त्याहून जास्त. याचा अर्थ यंत्र वर्षातले आठ महिने बंद असतं असा कुणी काढतो. तसं नसतं. बहुतेक वेळ ते फिरतंच, फक्त पूर्ण ताकदीने नाही. तीन मेगावॅटची पाटी बघून तीन मेगावॅट वीज मोजणारे उत्साही लोकही तितकेच चुकतात. सरासरी एक मेगावॅटच्या आत-बाहेर धरावी.

खरी डोकेदुखी वीजजाळ्याची आहे. वीज जितकी खर्च होते तितकीच त्या क्षणाला तयार व्हावी लागते, नाहीतर वारंवारता, म्हणजे विजेचा सेकंदाला ठरलेला ठोका, ढळते. कोळशाच्या केंद्रातली अवजड चक्रं नुसत्या फिरत्या वजनाने काही सेकंदांचे धक्के पचवतात. पवनचक्की आणि सौर पॅनेल इलेक्ट्रॉनिक्समधून जोडलेले असल्यामुळे ही गादी आपोआप मिळत नाही, मुद्दाम पुरवावी लागते. डेन्मार्क आपली निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यातून काढतो हे खरं. पण नॉर्वे-स्वीडनच्या धरणांशी तो तारांनी जोडलेला आहे, हे सांगायचं राहून जातं. सूर्याची जोड मिळाली की बरंच सुकर होतं, कारण पुष्कळ ठिकाणी ऊन मंदावतं तेव्हा वारा उठतो. भरती-ओहोटीतूनही वीज काढतात. तिचं वेळापत्रक तर पंचांगासारखं आधी मांडता येतं, पण योग्य खाड्या जगात मोजक्याच. फ्रान्समधलं रान्सचं केंद्र १९६६पासून चालतंय, तरी त्याची भावंडं फारशी झाली नाहीत. काही तासांची सोय बॅटरी करते, त्याहून मोठी उदंचन धरणं, म्हणजे जादा विजेने पाणी वर चढवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून पुन्हा वीज करायची. ऊनही नाही आणि वाराही नाही असा आठवडा आला की मात्र दोन्ही तोकडी पडतात. त्यासाठी हायड्रोजनचं नाव घेतात आणि ते ‘उद्याचं तंत्रज्ञान’ म्हणून विकतात. ला कूर यांनी १८९०च्या दशकातच पवनचक्कीच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून त्यावर शाळेतले दिवे लावले होते. अडचण तेव्हाचीच आहे : हायड्रोजन करून पुन्हा त्याची वीज करेपर्यंत निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेत गळते.

वाटेतलं आणखी एक भूत. पवनचक्क्या ढग पळवतात, पाऊस पांगवतात, असं अजून ऐकू येतं. पावसाचे ढग किलोमीटर-किलोमीटर उंच वाढतात आणि त्यातली वाफ शेकडो किलोमीटर लांबून आलेली असते. दीड-दोनशे मीटर उंचीची चक्रं आपल्या पाठीमागची हवा थोडी ढवळतात, इतकंच. या भीतीची परंपरा मात्र जुनी आहे. १८८७ साली स्कॉटलंडच्या मेरीकर्क गावी जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकाने बागेत कापडी शिडांची चक्की उभारून घर उजळलं आणि उरलेली वीज गावच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी देऊ केली. गावकऱ्यांनी नको म्हटलं. वीज म्हणजे सैतानाचं काम, असं त्यांचं मत पडलं!

मित्राला हे सगळं थोडक्यात लिहून पाठवलं. त्याने सोळा सत्तावीसांश मान्य केलं, पण माघार घेतली नाही. ‘ठीक आहे, पण गच्चीवर एक मीटर व्यासाचं छोटं यंत्र बसवलं तर? निदान घरापुरतं?’ गच्चीवरचा वारा उदार होऊन सेकंदाला ४ मीटर धरला. चौरस मीटरला ३९ वॅट, चक्राचं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरपेक्षा जरासं जास्त, आणि छोट्या यंत्राला तीस टक्के मिळाले तरी खूप. उत्तर आलं नऊ वॅट. त्याला लिहिलं, ‘एक एलईडी दिवा लागेल. वारा असेपर्यंत.’